कुणाच्याच घराण्यात नसलेलं नाव

१

रोज सकाळी सव्वाआठला शोल्पान तळघराचं शिशाचं दार दोन्ही हातांनी ओढून उघडायची. त्या खोलीत पूर्वी एक्स-रे काढत. यंत्र भंगारात गेलं, दार तेवढं राहिलं. "बाहेरचा आवाज आत येत नाही, तुमच्या कामाला उत्तम," असं सांगून इस्पितळानं ती खोली तिच्या गळ्यात मारली होती. माणसाच्या मेंदूचं काम तपासणाऱ्या बाईला सगळ्या अल्माटीत दुसरी जागा मिळाली नाही, आणि त्याच महिन्यात वरच्या मजल्यावर समितीच्या बैठकीसाठी नव्या लाद्या बसल्या.

तिचा तंत्रज्ञ गेनादी पाक तिच्या आधी येऊन बसलेला असे. साठीचा कोरियन माणूस, जन्म इथलाच. मेंदूतली वीज टिपणारी तारांची टोपी मिठाच्या पाण्यात भिजत घालायची, चहात दूध ओतायचं, आणि मग रोग्याची खाट खाली आणायची, हा त्याचा क्रम सहा वर्षांत चुकला नव्हता.

त्या सोमवारी खाटेवर मुखित होता. अडतीस वर्षांचा, मिनीबस चालवणारा. पाच महिन्यांपूर्वी बर्फावरून घसरून आलेल्या ट्रकनं त्याची बस दाबली. प्रवासी वाचले. मुखितचे डोळे उघडे असत, पापण्या लवत, घास घशाशी ठेवला तर गिळला जाई. यापलीकडे काही नाही. कागदावर प्राध्यापक टास्तानोवनं लिहिलं होतं: प्रतिसाद नाही. व्हरांड्यात, मुखितच्या बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात, तो म्हणाला होता: रिकामी कवटी.

खाट कुणाला द्यायची ते ठरवणारी समिती गुरुवारी बसणार होती, टास्तानोव तिचा प्रमुख. आत कुणी आहे याचा पुरावा मिळाला तर मुखितला सहा महिने उपचारांची खाट मिळणार, नाही तर घरी. घरी म्हणजे काय, हे शोल्पानला कुणी सांगायची गरज नव्हती. मातीच्या चुलीचं घर, पन्नास मैलांत डॉक्टर नाही, पाठीला जखमा, सहा आठवडे. अशा चौघांच्या मयतीला ती गेली होती. समितीतलं कुणीही एकाच्याही मयतीला आलं नव्हतं.

तिची पद्धत साधी होती आणि ती इथल्या मातीतच सुचण्यासारखी होती. कझाख पोराला बुटाची नाडी बांधता येण्याआधी बापाच्या बाजूच्या सात पिढ्यांची नावं पाठ येतात. ती नावं मेंदूत इतकी खोल जातात की आपलं नाव कानावर पडलं की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात पडद्यावरच्या रेषेला उंचवटा येतो. माणसाला कळायच्या आधी मेंदूला कळतं. परक्या घराण्याचं नाव आलं तर रेषा झोपलेली राहते. म्हणून चाळीस नावं ऐकवायची. सात रोग्याची, बत्तीस परक्यांची, आणि एक शोल्पाननं स्वतः बनवलेलं, कुणाच्याच घराण्यात नसलेलं: बोर्शाकुल. त्या नावावर उंचवटा आला तर समजायचं, यंत्र खोटं बोलतंय. सहा वर्षांत तो कधीच आला नव्हता.

नावं सुरू झाली. मुखितची सातही येऊन गेली. रेषा सपाट.

"नाही," पाक हळूच म्हणाला.

मग रेषा उठली. स्वच्छ, उंच, पुस्तकात छापावी अशी. शोल्पाननं नावांचा तक्ता पाहिला.

बोर्शाकुल.

२

तिनं पहिला संशय घेतला तो पापणीचा. पापणी लवली की रेषा हलते. पण पापणीची तार वेगळी होती आणि ती शांत होती. मग आवाजाचा. ते एक नाव इतरांपेक्षा मोठ्यानं भरलं गेलं असेल. तिनं मोजलं. उलट किंचित हळूच होतं. टोपी बदलली, तारा बदलल्या. नावांचा क्रम तर संगणक दर वेळी नव्यानं पिसत होता.

"मला बसवा," ती म्हणाली.

पाकनं तिच्या डोक्यावर टोपी घातली. तिची सात नावं सात वेळा उठली. बोर्शाकुल आलं आणि गेलं, रेषा ढिम्म.

"आता तुम्ही बसा, गेना आगा." वडीलधाऱ्या गेनादीला ती अशीच हाक मारी.

"माझ्यात काय सापडणार? सदतीस साली सरकारनं आम्हा कोरियनांना आगगाडीत कोंबून इथे आणून टाकलं, पूर्वजांची नावं त्या गाडीतच सांडली. आजोबांच्या पुढे माझी पाटी कोरी." तरी तो बसला. त्याच्यात काहीच उठलं नाही, ना कझाख नावांवर, ना बोर्शाकुलवर.

"म्हणजे यंत्र बरोबर आहे," शोल्पान म्हणाली.

"यंत्र बरोबर आहे, मी बरोबर आहे, तू बरोबर आहेस. बिघडलाय तो फक्त मुखित, आणि तो तर बिघडलाय म्हणूनच इथे आहे. चहा घे, शोल्पानजान."

"हे नाव त्यानं कुठे ऐकलं असेल? बसमध्ये? कुणी प्रवासी?"

"तू बनवलंस ना?"

"सहा वर्षांपूर्वी, या टेबलावर. तुमच्यासमोर."

"मग कुठून ऐकेल?"

तिनं टोपी पुन्हा भिजत घातली. दुपारी पुन्हा घेतलं. सात सपाट, एक उंच. खोली तशी गार, पण तिला जाणवलं की दोघंही खाटेच्या एकाच बाजूनं काम करत होते. डोक्यापाशी जी लोखंडी खुर्ची असे, तिच्यावर दोघांपैकी कुणीच कोट टाकला नव्हता. रोज टाकत असत. योगायोग, ती स्वतःला म्हणाली, आणि उठून कोट मुद्दाम त्या खुर्चीवर टाकून आली.

संध्याकाळी निघताना तो खुंटीला होता.

"तुम्ही उचललात?"

"असेन," पाक म्हणाला. "कुणी बसायचं म्हटलं तर अडचण नको."

"कोण बसणार?"

पाकनं खांदे उडवले. त्याला स्वतःलाच आपलं उत्तर नवीन वाटलेलं दिसलं.

३

मंगळवारी तिनं मुखितच्या बायकोला खाली बोलावलं. यादीतला आवाज रेडिओवरच्या एका बाईचा होता. ओळखीचा आवाज असेल तर खरी नावं तरी उठतील, असा शोल्पानचा हिशेब.

कुल्झिया बत्तीस वर्षांची, थोराड, हात उन्हानं रापलेले. थैलीत गरम बाउरसाक, तळलेले पिठाचे गोळे, होते, ते तिनं आधी टेबलावर ओतले.

"अपाय, ताई, खा. बोलणं नंतर. समितीवाल्यांना पण दिले असते, पण ते शिपायाकडून कुत्र्याला घालतील."

"कुत्र्यानं खाल्ले तर मला आनंदच आहे," शोल्पान म्हणाली. "कुत्रा निदान शेपटी हलवेल."

मग तिनं काम समजावून सांगितलं. ध्वनिमुद्रणासाठी चाळीस नावं मोठ्यानं वाचायची, प्रत्येकामध्ये चार सेकंद थांबायचं. कुल्झियाचा चेहरा उतरला.

"परक्यांची वाचते. आमची कशी घेऊ?"

शोल्पान स्वतःवर चिडली. शहरात राहून ती विसरली होती. सून सासरच्या थोरांचं नाव तोंडानं घेत नाही, मेलेल्यांचंही नाही. पहिल्या दिवशीसुद्धा कुल्झियानं सात नावं कागदावर लिहून पुढे सरकवली होती, वाचली नव्हती.

"बरं. तुमची आली की गप्प बस. तेवढ्या जागी मी माझा आवाज भरते."

कुल्झियानं खोलीतल्या काचेच्या भिंतीमागे बसून शांतपणे वाचलं. वाचून झाल्यावर वर रोग्याला भरवायची वेळ झाली म्हणून गेली. पाकनं ध्वनी पडद्यावर काढला आणि गप्प जागा मोजल्या.

"सात हव्यात ना?"

"सात."

"आठ आहेत."

तिनं स्वतः मोजलं. आठवी जागा कुठली, हे तक्ता न बघताच तिला कळलं होतं, तरी तिनं बघितलं. मग ती जिना चढून वॉर्डात गेली. कुल्झिया नवऱ्याच्या तोंडाला चमचा लावत होती. उभी राहून. खाटेशेजारची खुर्ची रिकामी होती.

"कुल्झिया, एक नाव तू गाळलंस. ते तुमचं नाही."

"कुठलं?"

"बोर्शाकुल."

कुल्झियानं झटकन डोक्याचा रुमाल पुढे ओढला आणि खालमानेनं म्हणाली, "अपाय, हळू. त्यांच्यासमोर असं एकेरी..."

"कुणासमोर?"

कुल्झियानं चमचा वाटीत ठेवला.

"हे नाव तुला कुणी सांगितलं?"

"थोरांची नावं सांगावी लागतात का?"

"मग तू लिहून दिलेल्या सातांत ते का नाही?"

कुल्झियाला खरंच विचार पडला. तिनं बोटांवर मोजलं, एकदा, दोनदा. तिच्या कपाळावर आठी आली, हरवलेली किल्ली आठवताना येते तशी.

"ते मोजण्यातले नाहीत," ती म्हणाली. "ते येऊन बसतात."

आणि निघताना दारातून कुल्झियानं वळून, एका गुडघ्यावर हात टेकून, मान लववली. कझाख सून सासऱ्यापुढे लवते तशी. तिथे मुखित होता आणि रिकामी खुर्ची होती. बायको नवऱ्यापुढे तशी लवत नाही.

४

बुधवारी सकाळी टास्तानोवचा फोन आला.

"बाई, ऐकतोय मी, कुठल्याशा नावावर रोगी तुम्हाला सलाम ठोकतोय म्हणे? बनावट नावावर? उद्या ते समितीपुढे आणू नका. तुमचंच हसं होईल. माझा सल्ला, स्वतःहून अर्ज मागे घ्या."

"आणि मुखित?"

"मुखित पाच महिन्यांपूर्वीच गेला. तुम्ही फक्त अंत्ययात्रा लांबवताय."

"तुम्ही एकदा तरी त्याची रेषा पाहिलीत?"

"मी चाळीस वर्षं रोगी पाहतोय."

"रोगी पाहता, प्राध्यापक. रेषा विचारली मी."

त्यानं फोन ठेवला. शोल्पानचे कान तापले. हा माणूस आठवड्याला अकरा जणांचं आयुष्य सहीनं मिटवतो आणि एकदाही जिना उतरून खाली येत नाही. तिनं ठरवलं, उद्या समिती वरच्या लाद्यांवर नाही बसणार. खाली येऊन बसेल. तिनं तसा अर्ज टाइप केला आणि नियमाचा क्रमांक ठळक केला, म्हणजे नाही म्हणता येऊ नये.

पाक कागदाच्या लांब पट्ट्या जमिनीवर पसरून गुडघ्यांवर बसला होता. सकाळपासून त्यानं एकही विनोद केला नव्हता.

"हे बघ. सोमवारी नाव आलं, त्यानंतर उंचवटा. सेकंदाचा तिसरा हिस्सा. बरोबर?"

"बरोबर."

"काल दुपारी. नाव आणि उंचवटा एकाच क्षणी."

"कानापासून मेंदूपर्यंत जायलाच वेळ लागतो. असं होत नाही."

"आणि हे आत्ताचं."

उंचवटा आधी होता. नाव अर्ध्या सेकंदानं मागून आलं होतं. पुढचं कुठलं नाव लावायचं हे संगणक त्या क्षणी ठरवत होता. ते ना पाकला ठाऊक होतं, ना तिला, ना संगणकाला. ते मुखितच्या डोक्याला आधी कळत होतं.

"घड्याळ घसरलं असेल."

"मी तीन घड्याळं लावलीत."

शोल्पान काचेतून मुखितकडे बघत राहिली. त्याची नजर छताकडे नव्हती. खुर्चीकडे होती. पण नजर कुठे तरी असणारच, ती म्हणाली. मनाशी म्हणाली, तरी स्वतःचा आवाज तिला ऐकू आला.

"शोल्पानजान," पाक म्हणाला, "एक सोपा मार्ग आहे. तक्त्यात बोर्शाकुल खोडायचं, तिथे मुखितच्या आजोबांचं नाव टाकायचं. रेषा खरी, नाव तेवढं बदललेलं. कोण बघतंय? माणूस वाचेल."

 चार मयती तिच्या डोळ्यांपुढून गेल्या.

"आणि पुढच्या रोग्याच्या वेळी माझ्या रेषेवर कोण विश्वास ठेवेल? मीच ठेवणार नाही. नाही, आगा. जे दिसलं ते दाखवायचं. लढायचं ते त्याच्यावरच."

"कशावर? आपल्याला काय दिसलं हेच आपल्याला माहीत नाही."

"वाट बघणारा माणूस दिसला. रिकामं डोकं कुणाची वाट बघत नाही."

५

गुरुवारी अकराला समिती खाली उतरली. टास्तानोव पुढे, मागे एक भूलतज्ज्ञ बाई आणि खात्याचा एक अधिकारी. भिंतीला तीन खुर्च्या मांडल्या होत्या. चौथी, लोखंडी, खाटेपाशी. टास्तानोव सगळ्यांत ज्येष्ठ, त्यानं सवयीनं तीच पाहिली, दोन पावलं टाकली, आणि मग भिंतीशी येऊन बसला. का, हे त्याला कुणी विचारलं नाही. कुल्झिया दाराशी उभी होती.

शोल्पाननं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. सात नावांवर रेषा सपाट आहे हेही सांगितलं.

"कळ तुम्ही दाबा," ती टास्तानोवला म्हणाली. "बोर्शाकुल केव्हा लावायचं ते तुम्ही ठरवा. मला सांगू नका, संगणकाला सांगू नका."

टास्तानोव हसत उठला. त्यानं दोन परकी नावं लावली, मुखितचं एक लावलं, खोकला, रुमाल काढला. खोलीत तारांचा बारीक गुंजारव तेवढा होता. रेषा उठली. टास्तानोवचं बोट अजून हवेत होतं. मग ते कळीवर पडलं आणि रेडिओवरच्या बाईचा आवाज म्हणाला: बोर्शाकुल.

पाच वेळा. पाचही वेळा रेषा बोटाच्या आधी.

भूलतज्ज्ञ बाईंनी चष्मा काढून पुसला. "हे... याला काय म्हणायचं?"

"मला माहीत नाही," शोल्पान म्हणाली. "पण याला प्रतिसाद नाही असं म्हणता येणार नाही. कागदावर तुम्ही ते लिहिलंय."

"हातचलाखी आहे ही!" टास्तानोवचा चेहरा तांबडा झाला होता. "बनावट नाव, बनावट रेषा. उद्या सकाळी रोगी घरी. विषय संपला." त्यानं कोट उचलला. सगळ्यांचे चेहरे गंभीर बघून त्याला ते सहन झालं नाही. तो दारात वळला आणि त्या लोखंडी खुर्चीकडे बघून, छातीवर हात ठेवून, नाटकी वाकला.

"या बिचाऱ्यांचं कुठलंच घराणं नाही म्हणता? अता, आजोबा, मग इथे तळघरात काय बसलात? चला आमच्याकडे. चहा घेऊ, घोड्याचं मटण शिजवू, मानाच्या जागी बसा!"

अधिकारी खो खो हसला. कुल्झिया हसली नाही. इथे म्हाताऱ्याला घरी बोलावणं ही थट्टेतही थट्टा नसते.

शोल्पाननं पाहिलं, टास्तानोव दारातून बाहेर पडला नाही. तो बाजूला झाला. पाठ चौकटीला लावून, पोट आत घेऊन, नजर खाली करून उभा राहिला. पुढे जाणारा कुणी वयस्क असावा तसा. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्याला उंबरा ओलांडायला जितका वेळ लागतो तितका वेळ. मग त्याच्यामागून, अदबीनं, तो बाहेर गेला.

आपण काय केलं हे त्याला कळलेलं दिसत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर अजून ते हसू होतं, नुसतं, विसरून राहिलेलं.

६

"गेना आगा," शोल्पान म्हणाली. "पुन्हा लावा. पूर्ण यादी. आत्ता."

"बाई, निकाल झालाय," अधिकारी म्हणाला.

"दहा मिनिटं. मग मला हाकला."

परकी नावं. सपाट. बोर्शाकुल. सपाट, मेल्यासारखं सपाट. आणि मग मुखितच्या बापाचं नाव आलं, आणि सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शानं रेषा उठली. लहान, थरथरती, थकलेली. पण उठली. आजोबा. उठली. पणजोबा. सातही. खाली खाटेवर मुखितचे डोळे खुर्चीवरून निघून दाराशी आले होते, जिथे त्याची बायको उभी होती.

कुल्झियानं तोंडावर हात धरला. "हा आलाय," ती म्हणाली. "अपाय, हा आत्ता आलाय."

भूलतज्ज्ञ बाईंनी काही न बोलता पेन काढलं. अधिकाऱ्यानं त्यांच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि सही केली. 

"शिक्का?" शोल्पाननं विचारलं.

"शिक्का प्राध्यापकांच्या खिशात असतो."

या देशात दोन सह्यांचा कागद म्हणजे कागद. शिक्क्याशिवाय उद्या सकाळी खाट ओढून बाहेर काढतील. शोल्पान कागद घेऊन व्हरांड्यात धावली. जिन्याच्या काचेच्या दारापाशी पोचली.

वर टास्तानोव चढत होता. रोज दोन पायऱ्या एकदम चढणारा माणूस एकेक पायरी चढत होता, मध्ये थांबून. त्याचा डावा हात कोपरातून वाकवून बाजूला धरलेला होता, म्हाताऱ्याचा दंड धरावा तसा. तो हळू आवाजात काही सांगत होता, मध्येच थांबत होता, आणि होकार देत होता.

"टास्तानोव!" तिनं हाक मारली.

टास्तानोव थांबला नाही. तो पुढच्या पायरीवर गेला. त्याचा डावा हात मात्र मागे ताणला गेला, कारण ज्याला धरलं होतं तो थांबला होता.

हात खाली वळला. मग टास्तानोवही, त्या हाताबरोबर, ओढल्यासारखा अर्धा वळला. एक पायरी खाली आला.

शोल्पानच्या मागे व्हरांडा होता, व्हरांड्याच्या टोकाला शिशाचं उघडं दार, आणि त्या दारापलीकडे एक माणूस पाच महिन्यांनी आपल्या बायकोकडे बघत होता. तिचे पाय पळायला बघत होते. तिनं ते पळू दिले नाहीत. तिनं दोन्ही हात चौकटीला लावले आणि दार अंगानं भरून टाकलं. मग आपल्या आजोबांशी बोलावं तसं, अदबीनं, पण एकही शब्द न गाळता म्हणाली:

"अता, आता इथे जागा नाही. ज्याची आहे तो आलाय. तुम्हाला चहाला बोलावलंय ना, तिकडे जा. शिक्क्यासाठी उद्या नऊ वाजता मी स्वतः येते तिथे."

जिन्यात बराच वेळ काही हललं नाही.

मग टास्तानोवचा हात पुन्हा वर वळला, आणि ते चढू लागले.